व्यावसायिक ओळखींचें जाळें आणि लोकसेवेचें कार्य

लोकसेवेचें कार्य द्रव्यावांचून चालत नाहीं हें खरें. परंतु द्रव्य हातीं असूनहि पुष्कळ कार्य खोळंबतें, याची जाणीव बाहेरच्या लोकांस क्वचितच असते. विहिरीचा गाळ काढण्यास वर्गणी जमते. पण त्या विहिरींत पाणी किती दिवस टिकेल हें सांगणारा भूजलशास्त्रज्ञ मिळत नाहीं. वर्गणी येते, पण तिचा जमाखर्च सनदी लेखापालाच्या नजरेखालून वेळेवर जात नाहीं, आणि मग पुढच्या वर्षीं देणारे हात आखडतात. अशा वेळीं संस्थेस गरज असते ती जाणत्या माणसाच्या चार-सहा दिवसांची. असा माणूस कोठें शोधावा व त्यास विनंति कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओळखीच्या बळावर जाणतीं माणसें कार्यास जोडण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाहीं. 1870 सालीं पुणें येथें स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनें 1876-77 च्या दुष्काळांत निरनिराळ्या भागांतील आपल्या प्रतिनिधींकडून पिकांची व लोकांच्या हालांची माहिती मिळविली आणि ती पत्रद्वारें सरकारपुढें मांडली. सभेचे अध्वर्यु गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील होते. नुसती कळकळ असती तर त्या पत्रांस वजन आलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

आज हेंच काम ज्या साधनानें सुलभ झालें आहे त्याचें नांव लिंक्डइन. मे 2003 मध्यें अमेरिकेंत तें लोकांस खुलें झालें. 2016 पासून तें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीचें आहे. आणि 2023 सालीं त्याच्या सभासदांची संख्या 100 कोटींच्या वर गेली. इतर समाजमाध्यमांहून याचा भेद असा कीं, येथें मनुष्य आपल्या नांवापुढें आपलें शिक्षण, नोकरी व कौशल्यें लिहून ठेवतो. त्यामुळें नाशिकजवळ राहणारा जलसिंचनाचा अभियंता हवा असल्यास तसा शोध घेतां येतो. सांपडलेला मनुष्य आपल्याशीं कितव्या पायरीवर जोडलेला आहे हेंहि दिसतें : प्रत्यक्ष ओळखीचा पहिल्या पायरीवर, ओळखीच्याचा ओळखीचा दुसऱ्या. संस्थेच्या दृष्टीनें खरें धन या दुसऱ्या पायरीवर असतें.

याचें कारण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं 1973 सालीं विशद केलें. निकटचे स्नेही व आपण एकाच वर्तुळांत वावरतों. त्यांस जें ठाऊक तें बहुधा आपणांसहि ठाऊक असतें. नवी माहिती येते ती दूरच्या ओळखींतून. 2022 सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारें 2 कोटी सभासदांवरील प्रयोगांत नोकरी मिळण्याच्या बाबतींत हें बव्हंशीं खरें ठरलें. मात्र अगदींच तुटक ओळखीपेक्षां मध्यम प्रकारची ओळख अधिक उपयोगी पडली. तो शोध नोकरीविषयींचा आहे, सेवेविषयींचा नव्हे. तथापि मंडळांतील कोण कोणास ओळखतो याची यादी करावी, आणि मधल्या माणसानें दोन ओळींत ओळख करून दिल्यावर मग विनंति करावी, हा मार्ग व्यवहारास धरून आहे.

विनंतीच्या शब्दांकडे बहुतेक संस्थांचें दुर्लक्ष होतें. ‘आमच्या पवित्र कार्यास हातभार लावा’ असें लिहिलें कीं वाचणारा मान डोलावतो आणि पुढें जातो. आपण नेमकें काय करावें हें त्यास कळतच नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें : ‘तीन गांवांतील बारा बंधाऱ्यांच्या खर्चाचे कागद आमच्याकडे आहेत. ते तपासून हिशेबाची पद्धति बसवून देण्यास अंदाजें वीस तास लागतील. काम घरीं बसून करतां येईल. तें मार्चअखेर पुरें व्हावयास पाहिजे. आमचे खजिनदार दर शनिवारीं आपल्या प्रश्नांस उत्तर देतील.’ नोकरी करणारा मनुष्य वीस तास देऊं शकतो; ‘जमेल तेवढा वेळ’ मात्र त्याच्यापाशीं कधींच नसतो. पहिल्याच पत्रांत देणगी मागूं नये. ज्यानें आपला हिशेब स्वतः पाहिला व ज्यास तो चोख आढळला, तो पुढें बहुधा न मागतां देतो, निदान दुसऱ्यास द्यावयास सांगतो. कागद पाठवितांना लाभार्थ्यांचीं नांवें, आधार क्रमांक व बँकेचीं खातीं झांकावीं. मदत घेणारा मनुष्य गरीब आहे एवढ्यानें त्याची खासगी माहिती सार्वजनिक होत नाहीं.

संस्थेच्या नांवाचें पान उघडणें सोपें आहे, तें चालतें ठेवणें कठीण. हें पान कोणा तरी व्यक्तीच्या खात्यावरूनच चालवावें लागतें. म्हणून एखाद्या उत्साही तरुणानें उघडलेलें पान, तो परगांवीं नोकरीस गेला कीं, निर्नायकी होतें. निदान दोघां पदाधिकाऱ्यांस त्याचे अधिकार द्यावे. पानावर नोंदणी क्रमांक व वार्षिक अहवाल असावा, इतकें पुरे.

या जाळ्यांत परदेशस्थ मराठी मंडळी सहज भेटतात, तेथें मात्र सावधगिरी हवी. त्यांचा सल्ला घेणें ही एक गोष्ट, त्यांचें द्रव्य घेणें ही दुसरी. 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखालीं नोंदणी वा पूर्वपरवानगी नसल्यास संस्थेस परकीय नागरिकाची देणगी घेतां येत नाहीं. आणि 2020 च्या दुरुस्तीप्रमाणें अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेंतील खात्यांतच जमा व्हावी लागते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मनुष्यानें स्वतःच्या बचतींतून बँकेच्या मार्गानें पाठविलेली रक्कम यांत मोडत नाहीं. परंतु ज्यानें अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें तो आडनांवानें जोशी वा पाटील असला तरी कायद्याच्या दृष्टीनें परकीयच.

काम संपलें म्हणजे साहाय्यकर्त्यास त्याचें फळ कळवावें, आणि त्याच्या पानावर संस्थेच्या चिटणीसांनीं शिफारस लिहावी. 2011 पासून सभासदांस स्वयंसेवेची नोंदहि नोकरीच्या अनुभवाप्रमाणें आपल्या पानावर करतां येते. तरुण मनुष्यास तिचा उपयोग होतो. शिफारशींत स्तुतीपेक्षां तपशील असावा : कोणत्या गांवांचे हिशेब पाहिले, किती तास दिले, आणि त्यावरून मंडळानें काय बदललें.