पाच पोर्टांचं हेड

१९६४ च्या जानेवारीत मोंते कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कच्या लाल मिनी कूपर एसनं जिंकली. तिचं इंजिन होतं अवघं १०७१ सीसीचं. त्याचा मूळ आराखडा १९५१ सालचा, ऑस्टिन ए३० या साध्या कुटुंबाच्या गाडीसाठी केलेला, आणि तेव्हा ते ८०३ सीसीचं होतं. बीएमसी कंपनीच्या या 'ए-सीरिज' इंजिनातून शर्यतीची ताकद काढायची तर पहिलं काम असतं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, बदलण्याचं. आज साठ वर्षांनंतरही ब्रिटनमध्ये हौशी लोक गॅरेजमध्ये हेच करताना दिसतात.

हेडच का? इंजिनाला पेट्रोल हवं तेवढं देता येतं, अवघड असतं ते हवा देणं. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहतो तो सेकंदाच्या हजार भागांतले सात भाग, फार तर थोडा अधिक. तेवढ्यात १२७५ सीसी इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला जवळपास ३१९ सीसी मिश्रण आत घ्यायचं असतं. वाट अरुंद किंवा वाकडी असेल, तर सिलिंडर अर्धवट भरतो आणि वेग वाढेल तशी ताकद ओसरू लागते.

ए-सीरिजमध्ये ही वाट मुळातच अडचणीची आहे. व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड ज्या बाजूनं वर येतात, त्याच बाजूला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही बसवलेले. पुशरॉडच्या मधून पोर्टांना, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या वाटांना, जागा उरते ती थोडीच. म्हणून चार सिलिंडरना इनलेट पोर्ट दोनच आणि एक्झॉस्ट तीन, असे एकूण पाच. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे याचंच थोरलं भावंड, बी-सीरिजचं. त्याच्याही हेडला असेच पाच पोर्ट.

फायरिंगचा क्रम १-३-४-२. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका इनलेट पोर्टवर. दुसऱ्यानं ओढायला सुरुवात केल्यावर क्रँकशाफ्ट अर्धा फेरा फिरतो न फिरतो तोच पहिलाही ओढू लागतो, आणि दुसऱ्याचा व्हॉल्व्ह तेव्हा पुरता मिटलेलाही नसतो. एकाच नळीनं दोघांनी शहाळं प्यावं आणि एकाचा घोट संपायच्या आत दुसऱ्यानं ओढायला लागावं, तसा हा प्रकार. मग तो पोर्ट जवळपास एक फेरा नुसता थांबून राहतो. मधला एक्झॉस्ट पोर्ट मात्र त्रास देत नाही, कारण दुसरा आणि तिसरा सिलिंडर बरोबर एका फेऱ्याच्या अंतरानं धूर सोडतात.

अशा हेडमधूनही हवा नीट नेता येते हे हॅरी वेस्लेकनं दाखवून दिलं. इंग्लंडमधल्या राय गावी या माणसानं हेडमधून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजण्याचं काम केलं. ए-सीरिजची बदामाच्या आकाराची ज्वलनजागा त्याची. दोन व्हॉल्व्हच्या मधे धातूचं एक टोक आत आलेलं असतं. त्यानं मिश्रण घुसळलं जातं आणि ज्वाला झटकन पसरते.

पहिल्या ८४८ सीसी मिनीचा इनलेट व्हॉल्व्ह सुमारे २८ मिमी व्यासाचा होता, १२७५ कूपर एसचा ३५.७ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ साठ टक्क्यांहून जास्त वाढलं. व्हॉल्व्ह किती उचलायचा याचाही हिशेब आहे. उचल व्यासाच्या एक चतुर्थांश झाली की भोवतीची उघडी जागा आणि व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सारखं होतं. ३५.७ मिमीला ती येते ८.९ मिमी.

१२७५ चं हेड ९९८ सीसीच्या ब्लॉकवर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. स्टडची भोकं जुळतात, हेड बसतंही. पण ९९८ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६४.६ मिमी आणि १२७५ चा ७०.६. मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बोअरच्या काठाबाहेर येतो आणि खाली उतरताना ब्लॉकवर आपटतो. मग ब्लॉकच्या काठाला खोबण कोरावी लागते, तीही पिस्टनच्या वरच्या रिंगपर्यंत पोचणार नाही इतपतच. खात्रीसाठी त्या जागी मुलांची खेळायची माती लावतात, हेड कसतात, इंजिन हातानं दोन फेरे फिरवतात आणि हेड उतरवून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. या कामातली मला सर्वांत आवडणारी पायरी हीच. अंदाजाला इथे जागाच नाही.

दुसरं मोजमाप कॉम्प्रेशनचं. ९९८ चा एक सिलिंडर अडीचशे सीसीचा. पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर २८ सीसी जागा उरत असेल, तर प्रमाण होतं ९.९. हेड घासून ती २५ सीसी केली की ते ११ वर जातं. फरक तीनच सीसीचा, पण तेवढ्यानं नॉकिंग सुरू होऊ शकतं आणि पिस्टनला भोकही पडू शकतं. म्हणून जाणकार हेड उलटं ठेवतात, त्यावर भोक पाडलेली पारदर्शक काच ग्रीसनं बसवतात आणि ब्युरेटमधून द्रव सोडून प्रत्येक ज्वलनजागा वेगळी मोजतात.

पोर्ट आरशासारखे चकचकीत करण्यावर मात्र उगाच श्रम खर्च होतात. हवेला अडवतो तो व्हॉल्व्ह सीटजवळचा आकार आणि सीटकडे वळतानाचा आतला बाक. थोडा खरबरीत इनलेट पोर्ट चालतो. उलट तो फार रुंद केला तर कमी वेगात हवा मंदावते आणि गाडी रस्त्यावर मरगळते. जुन्या लोखंडी हेडमध्ये कणखर सीट बसवणंही आता आवश्यक आहे. पेट्रोलमधल्या शिशाचा थर पूर्वी सीटची झीज रोखत असे, आणि भारत व ब्रिटन दोन्हीकडे शिशाचं पेट्रोल २००० साली संपलं.

पाच पोर्टांचा पेच मुळापासून सोडवायचा तर इनलेट पलीकडच्या बाजूला न्यावे लागतात. सात पोर्टांचं हेड म्हणजे चार इनलेट आणि तीन एक्झॉस्ट. आर्डन कंपनीचं आठ पोर्टांचं हेड म्हणजे दोन्ही चार-चार. काहींनी तर बीएमडब्ल्यूच्या के११०० मोटरसायकलचं सोळा व्हॉल्व्हचं हेडही बसवलं आहे. त्यात पुशरॉड निकालात निघतात, पण तेल-पाण्याच्या वाटा नव्यानं आखाव्या लागतात आणि वरच्या कॅमशाफ्टना फिरवायला पट्टा लावावा लागतो. ट्रॅकवर या सगळ्याचं चीज होतं. रस्त्यावर चालवायच्या मिनीला मी नीट कोरलेलं पाच पोर्टांचंच हेड सुचवेन. त्यासाठीही एसयू कार्ब्युरेटरची सुई बदलावी लागते आणि इग्निशनचं टायमिंग पुन्हा लावावं लागतं, कारण जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि झटपट जळणाऱ्या मिश्रणाला ठिणगी थोडी उशिरा दिली तरी चालते.