पाच उदाहरणे आणि ४,२९,४९,६७,२९७

चार-पाच उदाहरणे जुळली, म्हणजे नियम सिद्ध झाला का? या प्रश्नाचे उत्तर ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या देते.

२ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात काढून प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतील. पाचही मूळ संख्या आहेत. पुढेही असेच घडेल, असे फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये मानले. सिद्धता मात्र त्यांच्याजवळ नव्हती. पुढचा घात ३२ वा. त्यातून आपली संख्या येते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवले, की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे!

हे लांबलचक भागाकाराशिवायही पटवता येते. २ च्या २८ व्या घाताला 'ब' म्हणू.

(१) ६४० = ५ × १२८. म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५ब. ६४० ही संख्या ६४१ पेक्षा १ ने लहान असल्याने या घाताला ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणजेच ६२५ब − १ ला ६४१ ने भाग जातो.

(२) ६४१ = ६२५ + १६. म्हणून ६२५ब + १६ब लाही ६४१ ने भाग जातो.

दुसऱ्यातून पहिली वजा केल्यास १६ब + १ उरते. हीच आपली संख्या!

या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. केवळ उदाहरणांवरून निष्कर्ष काढण्याची चूक आपणही करू नये.