शेतातली खोपी

व्याख्यानासाठी विषय कळवा असे पत्र आले, तेव्हा आम्ही कार्डावर एकच शब्द लिहून पाठवला : खोपी. चिटणीसांनी माणूस पाठवून दोनदा खात्री करून घेतली, की लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना. चूक नव्हती. वैशाखातल्या अकोल्यात सायंकाळीसुद्धा ज्या मांडवाखाली श्रोते बसतात, तो मांडव खोपीचाच शहरातला भाऊ आहे. फरक एवढाच, की मांडवाचे भाडे ठरलेले असते आणि खोपी बांधणाऱ्याला कोणी चहाही पाजत नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला खोपी समजावून सांगावी लागत नाही. तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यांवर आला, की रानडुकरे आणि रोही रात्री शेतात उतरतात. मग जागलीला माणूस बसवावा लागतो आणि त्याला थंडीवाऱ्यात अंग टाकायला आडोसा लागतो. जनावरे लांबून दिसावीत म्हणून चार खांबांवर उभारतात तो माळा, जमिनीवर टेकलेली ती खोपी. मेळघाटातले कोरकू मजूर सोंगणीसाठी खाली सपाटीवर येतात, तेही शेताच्या कडेला असाच निवारा करून राहतात. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीचे कुटुंब ज्या कोपीत अर्धे वर्ष काढते, ती हिचीच बहीण. म्हणजे ही विद्या रानात हौसेने राहणाऱ्यांची नव्हे, पोटासाठी राहणाऱ्यांची आहे.

आम्ही स्वतः जिनिंगमध्ये वाढलो. डोक्यावर पत्रे, भोवती रुईचा धुरळा. खोपी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेली. ती बांधण्याचा प्रसंग २००९ च्या उन्हाळ्यात आला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावी नाला खोल करण्याचे काम चालले होते. हा खारपाणपट्टा, झाड दिसायला मैलभर चालावे लागते. कामावर तिसाच्या वर बाया होत्या आणि त्यांची मुले एका मोडक्या बंडीखाली, सावली सरकेल तशी सरकत झोपत होती. एक पोर दुपारी तापाने फणफणले तेव्हा आम्ही कामावरच्या कारकुनाकडे गेलो. तो म्हणाला, सावलीसाठी पैसे मंजूर नाहीत. आम्ही म्हणालो, पैसे नकोत, अर्धा दिवस द्या, आम्ही बांधतो.

आणि आम्ही बांधली. चार खांब, त्यांवर आडवे बांबू, त्यांवर तुराट्या पसरून दिल्या. छप्पर एकदम सपाट. आमच्या डोळ्यांपुढे जिनिंगचे पत्रे होते ना! तिसऱ्या दिवशी वळवाचे वादळ आले आणि छप्पर उचलून नाल्यात नेऊन टाकले. मुले तेवढी आधी बाहेर काढली होती, म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते. शेजारच्या शेतातला एक म्हातारा जागल्या काठी टेकीत पाहायला आला आणि म्हणाला, "भाऊ, हे छप्पर नाई, सूप हाय सूप. वाऱ्यानं पाखडलं तं त्याचा काय दोष?" युनियनच्या माणसाला इतक्या थोड्या शब्दांत कोणी निरुत्तर केल्याचे आम्हांला आठवत नाही. पुढले सगळे त्याच्यापासून शिकलेले आहे. त्यामागची कारणे आम्ही नंतर पुस्तकांतून आणि विचारपूस करून जुळवली.

पहिली गोष्ट जागा. नाल्याच्या पात्रात नाही, वारुळाजवळ नाही, एकट्या उंच झाडाखाली नाही. वीज तेथेच उतरते. खोपीची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. उन्हाळ्यात दुपारच्या झळा पश्चिमेकडून येतात आणि पुढे पावसाचा माराही त्याच अंगाने येतो. एकाच पाठीवर दोन्ही ऋतू भागतात.

दुसरी गोष्ट काळी जमीन. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसता खड्डा करून खांब पुरला, तर जमीन त्याला सोडून देते. आमचे खांब असेच दातासारखे हलत होते. म्हाताऱ्याने खड्डा दोन फूट घेतला, तळाशी दगड घातले, भोवती मुरूम भरला आणि पहारेने कुटकुट कुटला. खांब बाभळीचा, बुडखा जाळावर करपवलेला. वाळवी त्याने थांबत नाही, थोडी उशिरा येते.

आता सांगाडा. वर बेचके असलेल्या दोन मेढी घ्यायच्या, आठ फूट लांब. दोन फूट जमिनीत जाऊन सहा फूट वर राहतात. दोहोंत अंतर दहा फूट. त्यांच्या बेचक्यांत आढे ठेवायचे. आढ्यापासून दोन्ही अंगांना, मेढीच्या रेषेपासून चार-चार फुटांवर जमिनीत रोवलेले वासे. हाताहाताच्या अंतरावर एकेक वासा. वाशांवर आडव्या कामट्या. सगळे बांधायचे अंबाडीच्या वाखाने किंवा पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेल्या दोराने. वाख आधी भिजवला की नरम पडतो आणि गाठ नीट बसते. खिळा एकही नाही. खिळा बांबूला चिरतो. बांधलेला सांधा वाऱ्यात थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. बांबू मात्र पावसाळा संपल्यावर तोडलेला हवा. त्या दिवसांत त्यात पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगा त्या पिठावरच जगतो. तसा न मिळाला तर काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा.

उतार इतका कडक का? गवताच्या छपराला स्वतः पाणी अडवता येत नाही, हे आधी मनात पक्के करावे. थेंब एका काडीवर पडतो, तिच्यावरून घसरतो, खालच्या काडीवर जातो. उतार कडक असेल तर तो आत मुरण्याआधी वळचणीला पोचतो. उतार मंद असेल तर वाटेत रेंगाळतो आणि खाली झोपलेल्याच्या नाकावर टपकतो. आढ्याची वळचणीपासूनची उंची खोपीच्या निम्म्या रुंदीहून कमी नसावी, एवढे माप लक्षात ठेवले तरी पुरे. गवत शाकारायचे ते खालून वर. वरच्या थराने खालच्याचा निम्मा भाग झाकला पाहिजे. कुसळी चालते. मेळघाटाकडे तिखाडी घालतात. तिचे सुगंधी तेल काढतात. तिच्या वासाने डास येत नाहीत, असे म्हातारा सांगे. आम्ही एक रात्र झोपून पाहिले. आलेल्या डासांना हे कोणी कळवलेले नसावे.

कुडासाठी तुराट्या उत्तम. पाच-सहा फूट सरळ काडी, वजन नाही, विणायला सोपी. उन्हाळ्यात कूड तसाच ठेवावा, वारा खेळतो. थंडीसाठी शेणामातीत भुस्सा कालवून लिंपावा. पऱ्हाटी मात्र वापरू नये. आमचा हा एक जुना हट्ट आहे. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या उरलेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीत दडून पुढल्या हंगामाची वाट पाहते. पऱ्हाट्यांचे ढीग शेतात ठेवू नका, असे कृषी शास्त्रज्ञ वारंवार सांगतात. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कपाशीचे काय केले ते शेतकरी विसरलेला नाही. ज्या खोपीत बसून पीक राखायचे, तिच्याच भिंतीत चोर पोसायचा, हे बरे नव्हे.

चूल खोपीबाहेर, वारा जिकडे जातो त्या अंगाला, आणि चांगली वीस पावले दूर. वाळले गवत आणि तुराटी पेटायला वेळ लागत नाही. खोपीला दार एकच असते.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, चार पत्रे टाका. पत्रा पाऊस अडवतो, हे कबूल. पण उन्हात तो तापतो आणि ती आच खालच्या माणसावर सोडतो. वीतभर गवतात काड्यांच्या मधे हवा कोंडलेली असते. ती उष्णता सहजी खाली येऊ देत नाही. पत्र्याखाली आम्ही वीस उन्हाळे काढले आहेत.

सावली कायद्यात नव्हती असे नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि औषधाची पेटी कामावर असावी, असे स्पष्ट लिहिले गेले. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी, असेही. कागद हाती येईपर्यंत आम्हांलाही हे ठाऊक नव्हते. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावले, शिकवणी वर्गांना दुपारची बंदी केली आणि कामगारांना पाण्याची व पंख्यांची सोय करण्यास मालकांना बजावले. पंखा छताला टांगतात. ज्यांच्या डोक्यावर छतच नाही, त्यांचे काय, हे विचारायला आमच्याकडे त्या आठवड्यात पुष्कळ माणसे आली होती.

नाल्यावरची दुसरी खोपी बाया, म्हातारा आणि आम्ही मिळून सकाळी सातला घेतली आणि बाराच्या आत मुले तिच्यात झोपली. मापे म्हाताऱ्याचीच, फक्त लांबी दुप्पट आणि पूर्वेचे अंग सगळे उघडे. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कारकुनाने हजेरीपटावर धरली नाही. खोदकाम झाले नाही, म्हणाला. आम्ही अर्ज केला, दुसरा केला, बायांना घेऊन तालुक्याला दोनदा गेलो. तीन महिन्यांनी पैसे आले. पटावर नोंद होती, 'किरकोळ काम'. म्हाताऱ्याचे नाव पटावर नव्हतेच. बायांनी आपसांत वर्गणी काढून त्याला धोतरजोडी घेतली.