घरच्या सर्व्हरवर ब्राउझरचं बिऱ्हाड

मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे भरलेल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी एका छोटेखानी सत्रात डॉकर, म्हणजे प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर, लोकांपुढे आणलं. तेव्हा कंटेनर म्हटलं की वेबसाइट, डेटाबेस असले पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम डोळ्यांपुढे यायचे. पडदा, माऊस आणि आवाज लागणारा ब्राउझर त्यात घालण्याचा विचार फारसा कुणी करत नव्हतं. आज मात्र घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा छोट्या संगणकावर फायरफॉक्स कंटेनरमध्ये अखंड चालू ठेवता येतो, आणि फोनवरून पाहा की दुसऱ्या संगणकावरून, उघडलेल्या टॅब तिथेच सापडतात.

यातले सुटे भाग जुनेच आहेत. प्रोग्रॅमला त्याच्यापुरती वेगळी जागा देण्याची कल्पना १९७९ च्या युनिक्समधल्या सीएचरूटपर्यंत मागे जाते. मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणारे सीग्रुप्स लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००८ साली आले. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढे आणणारं व्हीएनसी त्याही आधी, १९९० च्या दशकात, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झालं. पुढे नोव्हीएनसीने तोच पडदा ब्राउझरच्या टॅबमध्ये दाखवला आणि वेगळं सॉफ्टवेअर घालण्याची गरज संपली. पान दुसऱ्याच यंत्रावर तयार होऊन आपल्यापर्यंत पोचणं भारतीयांनाही नवं नव्हतं. साध्या फोनवरचा ऑपेरा मिनी तेच करत असे. फक्त ते यंत्र कंपनीचं होतं.

२०१५ मध्ये डॉकरच्या अभियंत्या जेसी फ्रेझेल यांनी आपल्या डेस्कटॉपवरचे रोजचे प्रोग्रॅम, अगदी क्रोमसुद्धा, कंटेनरमध्ये चालवून दाखवले, आणि ही वाट अनेकांना दिसली. अडचणीही तिथेच कळल्या. डॉकर कंटेनरला सामायिक मेमरी देतं ती एरवी फक्त ६४ एमबी. जड पान उघडलं की क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या मुक्त आवृत्तीची, टॅब कोसळते. ही मर्यादा एक-दोन जीबीपर्यंत वाढवली की काम भागतं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. क्रोमियमला स्वतःचा सँडबॉक्स, म्हणजे वेबपानांना कोंडून ठेवणारी आतली भिंत, उभारायला लागणाऱ्या काही परवानग्या डॉकर सहसा देत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी सँडबॉक्सच बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. कंटेनर यजमान संगणकाचाच कर्नेल वापरतो. तो काही स्वतंत्र संगणक नाही. आतली भिंत पाडून बाहेरच्या एकाच भिंतीवर विसंबणं धोक्याचं आहे.

जुलै २०१९ मध्ये मित्रांबरोबर एकत्र व्हिडिओ पाहण्याची सोय देणारी रॅबिट ही सेवा बंद झाली. तिची उणीव भरून काढायला निघालेल्या नेको या मुक्त प्रकल्पाने व्हीएनसीऐवजी ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठीचं वेबआरटीसी तंत्र वापरलं. त्यामुळे आवाज आणि चित्रपटही नीट येऊ लागले, आणि एकच ब्राउझर अनेकांनी मिळून वापरणं घरच्या सर्व्हरवर शक्य झालं. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन लिनक्सच्या कर्नेलचा भाग झालं आणि बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरण्याचा रस्ताही सोपा झाला.

मराठी वाचकाचा अनुभव या वाटचालीत थोडा वेगळा आहे. कंटेनर ज्यातून उभा राहतो ती तयार इमेज लहान ठेवण्यासाठी त्यात बहुधा देवनागरी फॉन्ट घातलेले नसतात. मराठी वर्तमानपत्र उघडलं की नुसते चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित फॉन्ट आत बसवले की पान वाचता येतं. लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले, हे इथे कृतज्ञतेने सांगायला हवं. दुसरी अडचण कॉपी-पेस्टची. व्हीएनसीच्या मूळ नियमांत क्लिपबोर्डसाठी फक्त पश्चिम युरोपीय अक्षरं धरलेली होती. मराठी ओळ पाठवली की तिची मोडतोड व्हायची. २०१९ मध्ये टायगरव्हीएनसीने युनिकोड क्लिपबोर्ड आणला, इतरांनीही ती सोय स्वीकारली, आणि मग मराठी मजकूर धड इकडून तिकडे जाऊ लागला.

हे सगळं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. कंटेनरमधल्या या ब्राउझरची खरी किंमत वेगात नाही. वेगाच्या बाबतीत तो आपल्या हातातल्या ब्राउझरच्या मागेच राहील. किंमत आहे ती ताब्यात. इतिहास, कुकी, लॉगिन हे सगळं आपल्याच डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये राहतं. संशयास्पद दुव्यासाठी वेगळा कंटेनर उभारावा आणि काम झालं की पुसून टाकावा. पण जी गोष्ट आपल्या ताब्यात, तिची राखणही आपल्याकडेच. लॉगिन केलेला ब्राउझर ज्याच्या हाती लागला, त्याच्या हाती आपली ती सगळी खाती लागली.

म्हणून घरी सर्व्हर असणाऱ्यांना कळकळीचं सांगणं : हा ब्राउझर जरूर बसवा, त्याला पासवर्ड लावा, इमेज वेळोवेळी अद्ययावत करा, बँकेचे व्यवहार त्यात करू नका, आणि त्याचं पोर्ट राउटरवर कधीही उघडू नका. बाहेरून यायचं तर वायरगार्डमधूनच या.