कुमसाराची जाळी आणि तिच्या अलीकडचा माणूस

हिंदी सिनेमाने कन्फेशनचं एकच चित्र आपल्यापुढे ठेवलं: लाकडी कप्प्यात गुडघे टेकलेला गुन्हेगार, जाळीपलीकडे पाद्री, चार वाक्यं बोलली की माणूस मोकळा. ‘पाप करा, फादरना सांगा, पुन्हा करा’ हा समज त्यातूनच रुजला. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात आणि वसईच्या मराठी चर्चमध्ये ज्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, त्याची रीत जवळून पाहिली तर हा समज टिकत नाही. आधी माणसाने एकट्याने बसून स्वतःची झडती घ्यायची. मग जाळीपाशी येऊन मागचं कुमसार कधी झालं ते सांगायचं आणि गंभीर पापं प्रकार व संख्येसह बोलायची. ‘चुकलो’ एवढं मोघम चालत नाही; काय केलं आणि किती वेळा, हे स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागतं. फादर प्रायश्चित्त नेमून देतात, माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि शेवटी फादर पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. चोरी केली असेल तर ऐवज परत करणं आणि कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरणं चर्चच्या शिकवणीत बंधनकारक आहे. पुन्हा न करण्याचा निश्चयच नसेल तर पापमुक्ती मिळत नाही. संस्काराचा खरा भार जाळीच्या अलीकडे असलेल्या माणसाच्या मनावर आहे, असं मला वाटतं.

याचा सर्वांत कठोर पुरावा जपानमध्ये सापडतो आणि त्याचा एक धागा वसईपर्यंत येतो. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारण्यात आलं. 1862 मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि काही दशकांत तिथे एकही धर्मगुरू उरला नाही. कुमसार ऐकणार कोण? बंदीच्या आधीच, 1603 मध्ये, तिथल्या बिशपांनी एक छोटी पुस्तिका काढली होती: धर्मगुरू मिळत नसेल तर मनापासूनचा पश्चात्ताप कसा करावा, हा तिचा विषय. लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती हाताने उतरवून पिढ्यान् पिढ्या जपली. 1865 मध्ये नागासाकीच्या चर्चमध्ये ही माणसं फ्रेंच मिशनऱ्यासमोर आली, तोवर दोन शतकांहून अधिक काळ त्यांनी कुमसाराविना श्रद्धा टिकवली होती. संस्कार मिळेल तेव्हा घेण्याची इच्छा मनात असेल तर परिपूर्ण पश्चात्तापानेही क्षमा लाभते, हे ट्रेंटच्या धर्मसभेने 1551 मध्येच मांडलं होतं. कोविडमध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा, मार्च 2020 मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी लोकांना हीच वाट दाखवली.

मग मधे माणूस हवाच कशाला, देवाशी थेट बोललं तर काय बिघडतं, हा प्रॉटेस्टंटांचा जुना आक्षेप आहे. कॅथलिक उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या, येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिल्याच्या प्रसंगावर उभं आहे. मला त्याच्या जोडीला मानवी स्वभावाचं कारणही पटतं: मनातल्या मनात माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो. दुसऱ्याच्या कानावर घालताना सबबी गळून पडतात. शिवाय फादरही स्वतः दुसऱ्या फादरकडे गुडघे टेकतात; पोपही त्यातून सुटलेले नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप गुप्ततेवरचा आहे. कुमसारात ऐकलेलं धर्मगुरूने कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगता येत नाही. थेट गुप्तताभंग केला तर तो आपोआप चर्चबहिष्कृत होतो. भारतातला पुराव्याचा कायदा वकील-अशील संवादाला संरक्षण देतो, धर्मगुरूला तसं देत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचं केलं आहे. 2018 मध्ये केरळात कुमसारातल्या माहितीवरून एका विवाहितेला ब्लॅकमेल केल्याचा आरोप मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. पण तो आरोप गुप्तता मोडल्याचा, तिचा हत्यार म्हणून वापर केल्याचा होता. गुप्तता सैल केली तर त्या स्त्रीसारख्यांचं रक्षण आणखी दुबळं होईल. मात्र चर्चनेही एक हद्द काटेकोर पाळायला हवी: गुप्ततेचं बंधन फक्त कुमसारात कळलेल्या गोष्टींना आहे. तक्रारीतून, पत्रातून किंवा बळी पडलेल्या मुलाच्या आईकडून बिशपांना जे कळतं, ते या जाळीआड लपवण्याचा अधिकार चर्चच्याच कायद्याने कुणाला दिलेला नाही. आयर्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत झालेल्या चौकशांमध्ये चर्चची जी नाचक्की झाली, ती मुख्यतः अशा बाहेरून कळलेल्या गोष्टी दडपल्यामुळे झाली.