डीजे म्हणजे कोण?

नांदेड-लातूरकडे वरातीत ‘डीजे लावला’ म्हणजे गाडीवर रचलेले मोठाले स्पीकर, असेच आपण समजतो. खरे तर डीजे हा माणूस, तबकड्या वाजविणारा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत १९७३ च्या सुमारास कूल हर्क या तरुणाने हेरले, की गाणे थांबून नुसता ताल उरतो तेव्हाच लोक रंगून नाचतात. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तेवढाच तुकडा तो आलटून-पालटून वाजवू लागला. हिप-हॉप जन्मले ते यातून. म्हणजे कसब हातात नि कानात आहे, दणदणाटात नव्हे. १०० डेसिबलचा आवाज कान जेमतेम पाव तास सोसतो. पुढे इजेचा धोका. गेलेले ऐकणे परत येत नाही. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे.