झिरो माईलवर मांडलेलं जातं

पोळ्याच्या संध्याकाळी नागपूरच्या झिरो माईलच्या खांबापाशी जातं मांडलं आणि एका बाईनं पहिली ओवी धरली, असं समजा. एका ओवीला अर्धा मिनिट. रात्रंदिवस, न थांबता. दुसऱ्या दिवशी मारबत निघेल, गणपती बसून उठतील, पितृपक्ष सरेल. नवरात्राची पाचवी माळ चढेल तेव्हा कुठे १,००,००० ओव्या संपतील. ५०,००० मिनिटं, म्हणजे ८३३ तास, म्हणजे जवळजवळ ३५ दिवस!

आणि एवढ्या ओव्या खरंच आहेत. अभ्यासक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात हजारावर गावांतल्या बायांकडून त्या गोळा झाल्या. आकडा लाखाच्या पुढे गेला. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत, खुंटा धरत, मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडत. दगड घरघरू लागला की त्याच्या लयीवर ओवी येई. रोज तासभर दळण धरलं, तर लाख ओव्यांना सव्वादोन वर्षांच्या पहाटा लागतील.

गाणी गोळा करण्याचा असाच ध्यास हंगेरीतही एकाला लागला होता. १९०४ मध्ये संगीतकार बेला बार्टोकच्या कानावर लिदी डोशा या मोलकरणीचं गाणं पडलं. तोवर जगाच्या लेखी हंगेरीचं संगीत म्हणजे संगीतकार लिस्टच्या १९ रॅप्सडी, आणि त्यांचे सूर बहुतेक शहरी वाद्यवृंदांकडून आलेले. बार्टोक फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत हिंडला. मेणाचं नळकांडं दोन-चार मिनिटांत भरायचं, की लगेच दुसरं. शोधत होता आपल्या देशाचा सूर. हाती आल्या अडीच हजारांवर हंगेरियन चाली, आणि रुमानियन तीन हजारांवर, स्लोव्हाक तीन हजारांच्या आसपास! या आकड्यांपुढे मी दर वेळी थबकतो. देश शोधायला निघालेल्याच्या झोळीत शेजाऱ्यांची गाणीच जास्त भरली.

दुसऱ्या मुलखाच्या गाण्यानं असंच झोळी भरणं आपल्याकडेही घडलं. गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयानं आजारी होऊन देवासला गेले. गाणं बंद. माळव्यातल्या बायांच्या धुना तेवढ्या कानावर येत. त्या त्यांनी टिपल्या आणि त्यांतून धुनउगम राग घडवले. बेळगावकडचा गवई, धून माळव्याची.

बार्टोकनं चाली मोजल्या. आपल्याकडे मोजले गेले ते ओव्यांचे शब्द. चाली त्या मानानं थोड्याच, तीन-चार सुरांत फिरणाऱ्या. पण माळव्याच्या एवढ्याशा धुनेतून राग उभा राहू शकतो, तर जात्याच्या चालीतून का नाही? तसा राग मी अजून ऐकलेला नाही. नागपूरच्याच एखाद्या मैफलीत, पहाटे, तो ऐकायला मिळावा असं फार वाटतं.